बडोद्यात चित्रं पाहायला जाताय? आधी एक रिकामा फेरा मारा

पहिल्या दालनापासून प्रत्येक चित्राची पाटी वाचत गेलं की तासाभरात पाय भरून येतात आणि घरी आल्यावर एकही चित्र नीट आठवत नाही. पाहुण्यांना फतेहसिंह म्युझियम दाखवायला नेते तेव्हा मी असं करते:

१. आधी सगळ्या दालनांतून न थांबता, पाट्या न वाचता चालून यायचं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ज्या चित्रापाशी पाय आपोआप थबकला, ते लक्षात ठेवायचं.

२. मग फक्त अशा तीन-चार चित्रांकडे परत जायचं. राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांवर दिव्याची चकाकी येते, म्हणून समोर न राहता अर्धं पाऊल बाजूला सरका. आधी लांबून बघा, मग जवळून. साडीची जरतार जवळ गेल्यावर नुसते पिवळे-पांढरे फटकारे होतात! हे बघायला वेळ द्याच. पाटी सगळ्यांत शेवटी वाचा.

३. छोटी वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. चित्राचं नाव आणि एक ओळ, बस्स.

जेवून, थोडं पडून, उन्हं उतरल्यावर कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड राजघराण्याचं स्मारक. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथल्या भिंती १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या. विषय: गंगावतरण, मीरा, महाभारत आणि टागोरांचं नाटक ‘नटीर पूजा’. इथे एकच भिंत निवडली तरी चालेल, पण तिच्यासमोर निवांत उभं राहा.

सोमवारी मात्र बेत आखू नका, फतेहसिंह म्युझियम बंद असतं.