प्रेशर कुकर आणि एअर फ्रायर एकातच घेताना

कुकर आणि एअर फ्रायर एकत्र असलेलं भांडं घ्यायचं असेल तर आधी ओट्याजवळचा प्लग बघा. ही यंत्रं साधारण 1500 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढणारी. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ती लावू नका, 16 अँपिअरचा पॉइंट हवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मात्र मुळीच मागवू नका. तिथलं यंत्र 120 व्होल्टचं असतं, इथे लावलं की जळेल.

मापाचं म्हणाल तर डब्यावरच्या लिटरवर जाऊ नका. वाफेवर शिजवताना भांडं दोन तृतीयांशच भरायचं, आणि डाळ-तांदूळ, कडधान्यं फुगतात म्हणून निम्मंच. चौघांच्या घराला सहा लिटरच्या आसपासचं बरं. आतलं भांडं स्टीलचं मिळालं तर तेच घ्या, फोडणी करताना कलथा बिनधास्त फिरवता येतो. झाकणाची रबरी रिंग मसाल्याचा वास धरून ठेवते, म्हणून एक जादा घ्या. खिरीला मटणाचा वास नको.

आणि तळणाबद्दल खरं सांगते: ओल्या पिठात बुडवलेला बटाटेवडा यात होत नाही, पीठ जाळीतून गळतं. कोथिंबीर वडीला मात्र याच्यासारखं भांडं नाही. त्याच भांड्यात वाफवायची, गार करून कापायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि 200 अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कडा अगदी कुरकुरीत होतात.