नॅरोबोटवर मांजरं घेऊन निघताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटने, म्हणजे लांबट अरुंद घरबोटीने, फिरायला निघालेलं जोडपं बोटीची तयारी मन लावून करतं. डिझेल भरून घेतलं जातं, गॅसचे सिलिंडर तपासले जातात, नकाशे येतात, लॉकच्या, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारबंद पाणकुंडाच्या, झडपा फिरवायला दोन विंडलास (हँडल) येतात. मांजरांची तयारी मात्र कॅरियर, खाणं आणि शौचाचा लिटर ट्रे एवढ्यावरच उरकते. खरी अडचण पुढे येते, कारण मांजर हा जागेला धरून राहणारा प्राणी आणि बोट तर रोज जागा बदलणार. बोटीचं वेळापत्रक मांजरांच्या दिवसाला जुळवून घेतलं तर प्रवास सुखाचा होतो. मांजरांनाच वेळापत्रकात बसवायला गेलं की पुढच्या बहुतेक चुका ओळीने घडतात.

दिवसाला फार अंतर धरणं

बहुतेक कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल आहे आणि बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं. हिशेबाची सोपी रीत अशी: मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिला 3 ने भागा, तेवढे तास लागतात. ग्रँड युनियन कालव्यावर ब्राउन्स्टन ते स्टोक ब्रुअर्न हे अंतर सुमारे 22 मैल आणि 13 लॉक, म्हणजे जवळजवळ 12 तास. नकाशावर हे दोन दिवसांचं काम वाटतं. मांजरं सोबत असतील तर तीन-चार दिवस धरा. दिवसाला चार तास इंजिन चालणं त्यांना सोसतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायाखाली थरथर चालूच राहिली, तर ती पलंगाखाली जाऊन बसतात आणि बोट थांबल्यावरही बाहेर येत नाहीत.

घाईचा त्रास दुसऱ्यांच्या मांजरांनाही होतो. वेगात जाणारी बोट पाणी खेचते, बाजूला बांधलेल्या बोटी दोरांना हिसके देतात, कधी खुंटे उपटून येतात. बोटीच्या कडेची पट्टी चारेक इंच रुंद असते. तिच्यावरून चालत असलेलं मांजर अशा हिसक्याने सरळ पाण्यात जातं.

निघायच्या सकाळी मांजर बाहेर सोडणं

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक हीच. "जरा फिरून येईल, तोवर चहा घेऊ," असं म्हणून दार उघडलं जातं. दहा वाजता निघायचं असतं आणि अकरा वाजले तरी मांजराचा पत्ता नसतो.

आधी पाया घालावा लागतो. नवी मांजरं, किंवा घरातून नुकतीच बोटीवर आणलेली मांजरं, पहिले दोन-तीन आठवडे बाहेर सोडूच नयेत आणि त्या काळात शक्यतो बोटही हलवू नये. बोट हेच घर, इथलंच ताट आणि इथलीच ऊब, हे त्यांच्या मनात बसायला तेवढा वेळ लागतो. मग आधी पट्टा बांधून टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, नंतर मोकळं. आठवडाभरासाठी बोट भाड्याने घेतली असेल तर मांजरांना बाहेर सोडायचा विचारच करू नका, कारण सात दिवसांत ती बोट त्यांचं घर होत नाही.

सरावलेल्या मांजरांसाठी आमचा दोघांचा नियम साधा आहे. संध्याकाळचं मुख्य जेवण रोज ठरलेल्या वेळी, डब्यावर चमचा वाजवून. जेवण झालं की दार बंद. ते दार दुसऱ्या दिवशी बोट नव्या जागी बांधून इंजिन बंद केल्यावरच उघडतं. मुक्काम असेल त्या दिवशी मात्र त्यांना दिवसभर मोकळीक. दुपारभर उपाशी हिंडलेलं मांजर चमच्याच्या आवाजाला येतं. दिवसभर वाटीत कोरडं खाणं पडलेलं असेल तर त्या आवाजाला काही किंमत उरत नाही. म्हणून वाटी भरून ठेवायची सवय सोडा.

बांधायची जागाही पाहून निवडा. रस्त्याचा पूल, रेल्वेमार्ग आणि बंधारा यांच्यापासून लांब, झुडपांच्या ओळीजवळची जागा चांगली. शेजारी बोटी असतील तर संध्याकाळीच सांगून ठेवा की आमची दोन मांजरं आहेत, निघण्यापूर्वी तुमच्या पलंगाखाली एकदा बघा. उघड्या खिडकीतून परक्या बोटीत शिरून तिथेच झोपणं हा बोटीवरच्या मांजरांचा आवडता उद्योग आहे, आणि ती बोट पहाटे निघून गेली तर शोध दोन-चार लॉकपलीकडे जातो.

तरीही मांजर आलं नाही तर? बोट हलवू नका. ते परत येईल ते याच जागी. दिवसा हाका मारत फिरण्यापेक्षा रात्री उशिरा, टोपाथ शांत झाल्यावर टॉर्च घेऊन जा. झुडपात टॉर्च फिरवला की डोळे चमकतात. घाबरलेलं मांजर हाकेला उत्तर देत नाही, पण जागेवरून हलतही नाही. आसपासच्या व्हेटना (प्राण्यांच्या डॉक्टरांना) फोन करा आणि मांजराच्या कातडीखालच्या ओळख-चिपच्या नोंदणीत मांजर हरवल्याची नोंद करा. बहुतेक ठिकाणी एका जागी जास्तीत जास्त 14 दिवस बोट बांधता येते, पण पाहुण्या बोटींसाठीच्या कित्येक धक्क्यांवर 48 तासांचीच पाटी असते. मुदत संपत आली तर गुपचूप थांबण्यापेक्षा कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला कळवून मुदत वाढवून मागा. निघावंच लागलं तर दोघांपैकी एकाने मागे राहावं.

"मांजराला पोहता येतं" यावर विसंबणं

पोहता येतं हे खरं आहे. अडचण बाहेर पडण्याची असते. एका बाजूला बोटीचं गुळगुळीत पोलाद, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याला ठोकलेले उभे लोखंडी पत्रे. नखं रोवायला कुठेच जागा नाही. मांजर बोटीच्या कडेने फेऱ्या मारत दमतं, आणि थंडीत तर फार लवकर दमतं.

यावर उपाय स्वस्त आहे. काथ्याच्या जाड चटईची हातभर रुंद पट्टी कापा. वरच्या टोकाला दोन भोकं पाडून ती मागच्या डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटाला पक्की बांधा. खालच्या टोकाला एक-दोन जड नट शिवा, म्हणजे ते पाण्यात वीतभर बुडून राहील. पट्टी लोंबती ठेवायची ती बोट बांधलेली असतानाच. निघताना आठवणीने वर ओढा, नाहीतर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) जाईल. काथ्याच का, तर ओला झाल्यावरही त्यात नखं रुततात. गालिच्याचा तुकडाही चालतो, पण तो लवकर कुजतो. मांजराला ती पट्टी आधी कोरड्यात दाखवा. डेकवर आडवी टाकून तिच्यावर खाऊ ठेवला की त्यावर नखं घासायची सवय लागते. शिवाय लांब दांड्याची मासे धरायची जाळी छपरावर हाताशी असावी.

बाहेर काढल्यावर टॉवेलने कोरडं करा आणि ऊब द्या. अंगाला डिझेलचा वास येत असेल तर चाटू देऊ नका. कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण लावून धुवा आणि व्हेटला फोन करा. उन्हाळ्यात पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसली तर त्या जागी मांजराला पाण्याजवळ जाऊच देऊ नका, ते शेवाळ विषारी असू शकतं.

लॉक आणि बोगद्यात दारं उघडी ठेवणं

लॉकमध्ये एक जण सुकाणूवर असतो, दुसरा दारांवर. मांजरांकडे बघायला कोणी उरत नाही. म्हणून लॉकच्या आधीच मागचं दार, पुढचं दार आणि बाजूच्या खिडक्या बंद करा. लॉकमध्ये भिंत हाताच्या अंतरावर येते, मांजराला ती उडीची जागा वाटते आणि पाणी उतरू लागलं की तीच भिंत पाहता पाहता खोल होत जाते.

उतरताना लॉकच्या वरच्या दाराजवळ पाण्याखाली काँक्रीटचा किंवा दगडी उंबरा असतो. त्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच राहिलं पाहिजे. मागे सरकलं तर ते उंबऱ्यावर टेकतं, पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जातं आणि बोट बुडू शकते. मांजर शोधायला क्षणभर मान वळवली तरी एवढं घडायला पुरतं. टेकलीच तर खालच्या दाराच्या झडपा ताबडतोब पाडून बंद करा आणि मग वरून सावकाश पाणी भरा. उलट क्रमाने करू नका.

फॉक्स्टनला पाच-पाच लॉकचे दोन जिने सलग आहेत. तिथे लॉककीपर असतो आणि लाल झडपा आधी, पांढऱ्या नंतर, हा क्रम कटाक्षाने पाळायचा. दहा लॉक ओलांडायला तासभर धरा आणि मांजरांना त्याआधी खायला घालू नका. थरथर आणि भरलेलं पोट एकत्र आलं की उलटी ठरलेली.

बोगद्यांचं भय वेगळं. ब्लिसवर्थचा बोगदा सुमारे 2.8 किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिट्ट काळोख. इंजिनाचा आवाज भिंतींवर आदळून दुप्पट होतो, छतातून पाणी ठिबकतं आणि समोरून दुसरी बोटही येऊ शकते. घाबरून उडी मारलेलं मांजर तिथे सापडणं जवळपास अशक्य. आत एक दिवा लावून ठेवा आणि त्यांची नेहमीची चादर पलंगाखाली सरकवा.

लँगोलन कालव्याने वेल्समध्ये शिरणार असाल तर पाँटकसिल्टे जलसेतूवर सगळी दारं कड्या लावून बंद करा. टेलफर्डच्या देखरेखीखाली बांधलेला आणि 1805 मध्ये खुला झालेला हा सेतू दरीपासून सुमारे 38 मीटर उंच आहे. टोपाथच्या बाजूला कठडा आहे, पण दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीची कड पाण्याच्या जेमतेम वर येते आणि तिच्यापलीकडे काहीच नाही.

इंजिनखोलीकडे दुर्लक्ष

बोट थांबल्यावरही इंजिन बराच वेळ गरम असतं. फळ्या उघडून तपासणी करताना मांजर आत उतरतं आणि ऊब पाहून तिथेच पसरतं. फळ्या बसवण्यापूर्वी मांजरं मोजा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजा. पंख्यात अडकलेलं गवत काढायला मागचं झाकण उघडाल तेव्हा मांजरं आत कोंडून ठेवा, इंजिनची किल्ली काढून खिशात टाका आणि काम झाल्यावर झाकण घट्ट बसलंय हे हाताने तपासा. सैल झाकणामुळे बोटी बुडाल्या आहेत.

अँटिफ्रीझबद्दल मात्र जरा थांबून वाचा. नॅरोबोटच्या इंजिनात आणि हीटरच्या पाइपांत हा द्रव भरलेला असतो, आणि बहुतेक अँटिफ्रीझमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. मांजराला मारायला त्याचा चमचाभरही पुरतो. पाइपाच्या जोडाखाली जमलेला थेंब पायाला लागतो, मांजर पाय चाटतं. सुरुवातीला ते झिंगल्यासारखं चालतं, उलट्या करतं, सारखं पाणी पितं. मग बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि तोवर मूत्रपिंडं निकामी होऊ लागलेली असतात. पहिल्या काही तासांतच उपचाराचा उपयोग होतो, म्हणून शंका आली तरी मध्यरात्रीसुद्धा व्हेटला उठवा. जोड दर आठवड्याला कोरड्या कागदाने पुसून बघा. द्रव बदलताना प्रॉपिलीन ग्लायकॉलचा पर्याय विचारा, तो खूपच कमी विषारी असतो.

शेगडी, ऊन आणि लिटर

कोळशाच्या शेगडीजवळ मांजर झोपलं की चित्र छान दिसतं, पण खिडक्या आणि छपरातली हवेची भोकं थंडीसाठी बुजवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. 2019 पासून बोटींच्या सुरक्षातपासणीत त्याचा अलार्म सक्तीचा आहे. तो वाजला तर आधी दारं उघडा, माणसं-मांजरं बाहेर काढा, वायू कशामुळे साचला ते नंतर शोधा. उन्हाळ्यात उलटा धोका: पोलादी बोट दुपारी तापते, म्हणून सावली पाहून बांधा आणि मांजरांना बंद बोटीत सोडून गावात जेवायला जाऊ नका.

लाकडाच्या गोळ्यांचं लिटर हलकं असतं आणि पुरवून वापरता येतं. ते संडासच्या टाकीत मुळीच टाकू नका, पाइप तुंबतो. पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाका.

मांजर खात नाही, लपून बसलंय

पहिला दिवस लपणं साहजिक आहे, ओढून बाहेर काढू नका. पण 24 तासांहून जास्त उपास झाला तर व्हेट गाठा. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर तासाभराचीही वाट पाहू नका. ताणामुळे मूत्रमार्ग अडकू शकतो आणि ते जिवावर बेततं. म्हणून रोजच्या टप्प्यातल्या गावाच्या व्हेटचा नंबर आदल्या रात्रीच लिहून ठेवा.

10 जून 2024 पासून इंग्लंडमध्ये 20 आठवड्यांवरच्या पाळीव मांजरांना चिप सक्तीची आहे, नसल्यास 500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चिप असते, पण नोंदीत जुना पत्ता आणि बंद पडलेला फोन असतो, अशी गत फार जणांची. मोबाइल नंबर ताजा करा. गळ्यात ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा पट्टा बांधा आणि त्यावर नंबरासोबत "बोटीवर राहते" एवढं इंग्रजीत लिहा. नाहीतर एखादा दयाळू माणूस टोपाथवरून भटकी समजून उचलून नेईल.

पहिलाच मार्ग अवघड निवडणं

29 लॉकच्या केन हिलने किंवा 30 लॉकच्या टार्डेबिगने सुरुवात करू नका. ॲशबी कालवा घ्या: मार्स्टनचा एक उथळ लॉक सोडला की स्नेअरस्टनपर्यंत सुमारे 22 मैल एकही लॉक नाही. किंवा फॉक्स्टन आणि वॉटफर्डच्या मधला 20 मैलांचा सपाट टप्पा. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी काही लॉक बंद असतात, आणि 2025 च्या उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे अनेक कालवे बंद ठेवावे लागले होते. निघण्यापूर्वी ट्रस्टची बंदची यादी बघा आणि जिथे अडकून राहिलं तरी चालेल अशा दोन जागा आधीच ठरवून ठेवा. मांजरं अशा मुक्कामावर कधीच तक्रार करत नाहीत.