जांभ्या दगडासारखा खरबरीत पोत

चित्रात असा पोत आणायला किनाऱ्यावरची वाळू थेट रंगात घालू नका. तिच्यातलं मीठ ओल धरतं, मग पांढरे डाग फुटतात. गोड्या पाण्यात चार-पाचदा धुवा, कडकडीत वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा.

एक वाटी वाळूला दोन वाट्या अ‍ॅक्रेलिक जेल (रंगात मिसळायचं दाट माध्यम). कॅनव्हासपेक्षा प्लायवूड बरं, वजनाने झोळ पडत नाही. पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) दोन-तीन मिलिमीटरच थर द्या. जाड थराची वरची साय आधी सुकते, आतला भाग नंतर आकसतो आणि भेगा पडतात. ओल्यावरच नारळाच्या सोडणाची शेंडी गोल फिरवा. जांभ्याची भोकं अगदी हुबेहूब उमटतात!

सुकायला एक दिवस. पावसाळ्यात तीनही लागतात. मग पातळ बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) ओतून फडक्याने उंचवटे पुसा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने यलो ऑकर (मातकट पिवळा) फिरवा.