शीसा घडवताना या चुका टाळा

शीसा म्हणजे जपानमधल्या ओकिनावा बेटाचा राखणदार सिंह. शिसे या धातूशी त्याचा काही संबंध नाही. छपरावर किंवा फाटकाच्या खांबांवर बसून तो घराची राखण करतो. ओकिनावातल्या जुन्या रियुक्यू राजसत्तेने १६८२ मध्ये कुंभारांच्या विखुरलेल्या भट्ट्या आजच्या नाहा शहरातल्या त्सुबोयात एकत्र आणल्या. तिथे आणि योमितानच्या कुंभारवाड्यात तो आजही हाताने घडतो.

शाडूचे गणपती करणाऱ्याला हे काम ओळखीचे वाटते आणि फसगत तिथेच होते. शाडूची मूर्ती भाजायची नसते, त्यामुळे जाड भाग चालतो, आत तारही चालते. भाजायच्या मातीत तार ठेवली तर माती आकसते, तार आकसत नाही आणि पाय उभा तडकतो.

भरीव धड. वीस सेंटिमीटर उंचीच्या शीसाची भिंत ८ ते १० मिलिमीटरच असावी. भरीव घडवला असेल तर माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर तारेने दोन भाग करा, आतून कोरा आणि परत जोडा. मूर्ती भट्टीत फुटली की दोष ‘आत अडकलेल्या हवे’ला दिला जातो, पण खरी गुन्हेगार असते जाड मातीत राहिलेली ओल. तिची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की ती तुकडे उडवते.

शीसा बऱ्याचदा जोडीने बसवतात, एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे बंद. जोडीत बंद तोंडाचा शीसा जास्त फुटतो, याचेही कारण साधे आहे. उघड्या तोंडाच्या सिंहाचा घसा पोटापर्यंत मोकळा ठेवला तर वाफेला वाट मिळते. बंद तोंडाच्या सिंहाला ती नसते. म्हणून त्याच्या बैठकीखाली पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा आणि ते पोकळीपर्यंत पोहोचले का ते काडी घालून बघा. डोक्याची पोकळी वेगळी राहिली असेल तर मानेतूनही वाट काढा.

पुढचे पाय. बसलेल्या शीसाची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे छाती आणि पुढचे पाय यांचा सांधा. पाय बारीक असल्याने आधी सुकतात, छाती ओलीच राहते आणि ओढाताणीत केसाएवढी चीर पडते. जोडताना दोन्ही बाजूंवर आडव्या-उभ्या रेघा ओढा, त्याच मातीचा दाट रबडा लावा, दाबून थोडे हलवा आणि सांध्यावर मातीची बारीक वळी फिरवून बुजवा. नंतर पाय, कान आणि शेपटी प्लास्टिकने गुंडाळा, धड मात्र उघडे ठेवा. बैठकीखाली वर्तमानपत्र घाला. थेट फळीवर चिकटली तर आकसताना ती सरकू शकत नाही आणि पाय फाकतात.

मातीत १५ ते २० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, असला तर हा सगळा त्रास बराच कमी होतो. सुकायला किमान दहा-बारा दिवस द्या. तळ गालाला लावून बघा, गार लागला तर ओल आहे.

भट्टीची घाई. पहिले काही तास १०० अंशांच्या खाली ठेवा. पुढे ६०० अंशांपर्यंत तासाला ६० ते ८० अंशांपेक्षा जास्त चढवू नका. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान एकदम बदलते. थंड होतानाही तेच होते, म्हणून भट्टी लवकर उघडायची नाही. कच्च्या भाजणीनंतर दिसलेली चीर ओल्या मातीने बुजवू नका. नवी माती आकसेल, भाजलेली आकसणार नाही, मग लिंपण गळून पडते.

आयाळीवर ग्लेझ. ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, दाट थर आयाळीच्या वळणांत साचतो आणि कोरीव रेघा गायब होतात. तिथे पातळ हात द्या, उंच कडा ओल्या स्पंजने पुसा. तळापासून ५-६ मिलिमीटर जागा कोरडी सोडली नाही तर सिंह भट्टीच्या फळीला कायमचा चिकटतो.

डावा-उजवा. सर्वसाधारण रीत अशी: घराकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजवीकडे उघड्या तोंडाचा, डावीकडे बंद तोंडाचा. जपानीत या जोडीला ‘आ’ आणि ‘उन्’ म्हणतात. हे संस्कृत ‘अ’ आणि ‘हूं’ यांचे जपानी रूप, त्यामुळे मराठी माणसाला क्रम लक्षात ठेवायला सोपा. पण जोडी नसली म्हणजे चूक झाली असे समजू नका. छपरावरचा जुना शीसा एकटाच असतो. यायेसे इथला १६८९ चा तोमोरीचा दगडी सिंहही एकटाच आहे. आगीचे संकट टळावे म्हणून त्याला यायेसे डोंगराकडे तोंड करून बसवले.

छपरावरचा शीसा सिमेंटने. तो मुळात कौले बसवणाऱ्या कारागिरांनी उरलेल्या लाल कौलांचे तुकडे आणि चुन्याचा गिलावा घेऊन घडवलेला. कोरडे कौल गिलाव्यातले पाणी शोषून घेते आणि थर सुटतो, म्हणून तुकडे आधी भिजवा. एका वेळी पातळच थर द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. ओल्या चुन्यावर ऑइलपेंट फासला तर तो आत मऊच राहतो आणि पहिल्या पावसात रंगाचे पापुद्रे निघतात.