ऑर्केस्ट्रापुढे पहिला सोलो: कानाखालचा आवाज आणि हॉलमधला

मेंडेल्सॉनच्या ई मायनर कॉन्चेर्टोत (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) ऑर्केस्ट्रा जेमतेम दीड बार (तालाचं छोटं माप) वाजतो आणि व्हायोलिन सुरू होतं. 1845 मध्ये लाइपझिगला तो पहिल्यांदा वाजला तेव्हा हे नवलच होतं. बेथोव्हेनच्या कॉन्चेर्टोत सोलिस्टला तीनेक मिनिटं नुसतं उभं राहायला मिळतं. मला ती तीन मिनिटं फार हवी होती!

पुण्यात व्हायोलिनच्या परीक्षांतली आठवी ग्रेड, मग जर्मनीत शिक्षण आणि तिथल्याच विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर हा पहिला सोलो. ज्यांचा असा पहिला कार्यक्रम यायचाय, त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात मोठा धक्का हॉलचा. बर्लिनच्या फिलहार्मोनीने 1963 मध्ये जी पद्धत रूढ केली, त्याच धर्तीचा नवा हॉल: श्रोते चहूबाजूंनी, काही तर ऑर्केस्ट्राच्याही मागे. माइक नाही. आपल्याकडे बैठकीतसुद्धा माइक असतो, त्यामुळे ‘आवाज पोचवणं’ हे वादकाचं काम आहे हे अंगात मुरलेलंच नसतं. मी घरच्यासारखं गोड, मऊ वाजवत होते. तालमीत मैत्रीण मागच्या रांगेत जाऊन बसली आणि परत येऊन म्हणाली, “तू वाजवतेस हे दिसतं.” बो (गज) ब्रिजच्या, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या जवळ नेला, वेग कमी केला, वजन वाढवलं. डाव्या कानाखाली खरखर ऐकू यायला लागली, राळेचा कण न् कण जाणवेल अशी. तिच्याकडे मात्र स्वच्छ सूर पोचत होता. ती खरखर सोसायची सवय कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लागत नाही. महिनाभर आधीपासून मोठ्या खोलीत वाजवा, फोन लांब ठेवून रेकॉर्ड करा.

दुसरं, आवाजाला यायला वेळ लागतो. टिंपनी (मोठे नगारे) माझ्यापासून बारा-तेरा मीटर मागे, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग उशिरा. ऐकून मग वाजवायला गेलात की तुम्ही मागे पडलाच. मागच्या वाद्यांसाठी कंडक्टरचा हात बघा, कान पहिल्या व्हायोलिनांकडे ठेवा, ती शेजारीच बसलेली असतात.

आणि स्वतःचा भाग पाठ करून भागत नाही, अख्खा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत माहीत हवं. हे मी फजिती करून शिकले. पहिल्या मूव्हमेंटमध्ये (भागात) सोलिस्टने एकट्याने वाजवायचा कॅडेन्झा असतो, त्याच्या शेवटी बो चारही तारांवर उसळत राहतो, आणि त्यावरच ऑर्केस्ट्रा मुख्य धून घेऊन येतो. घरी एकटीने वाजवताना मी तिथे सुसाट पळायचे. पहिल्या तालमीत बासरी-ओबो आले तेव्हा मी अर्धा बार पुढे! कंडक्टर हसून म्हणाले, आता साथ तू करतेयस. तबल्याच्या सोलोत पेटीवाला लेहरा धरतो ना, तसं. तेवढा वेळ पेटी माझी होती आणि मैफल त्यांची. तालमी फार नसतात हेही लक्षात ठेवा. मला पियानोवर एक, ऑर्केस्ट्राबरोबर दोन आणि त्याच दिवशी सकाळी हॉलमध्ये एक, एवढंच मिळालं.

किरकोळ गोष्टी, पण घात करणाऱ्या. तिकडे ए हा सूर बहुधा 442-443 हर्ट्झला लावतात. 440 च्या सवयीचा कान बिचकतो, म्हणून दोन आठवडे आधीपासूनच त्या सुराला लावून वाजवा. एसीत खुंट्या सटकतात, स्टेजवर जाण्याआधी अर्धा तास तरी व्हायोलिन त्याच हवेत राहू द्या. तार तुटली तर कॉन्सर्टमास्टरचं (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाचं) व्हायोलिन घ्यायचं, हा रिवाज आहे. 1986 मध्ये अमेरिकेत टँगलवूडला चौदा वर्षांच्या व्हायोलिनवादक मिदोरीची ई तार एकाच रचनेत दोनदा तुटली, दोन्ही वेळा तिने ऑर्केस्ट्रातलं दुसरं व्हायोलिन घेतलं आणि वाजवत राहिली. माझी तुटली नाही, पण कॉन्सर्टमास्टरच्या व्हायोलिनवर दहा मिनिटं आधी वाजवून घेतलं होतं.

कपड्यांचं सांगायलाच हवं. आईचा पैठणीचा आग्रह होता. पदर नेमका डाव्या खांद्यावर, शोल्डर रेस्टही तिथेच. घरी नेसून बघितलं तर रेशमावरून व्हायोलिन घसरत चाललं, आणि हनुवटीने धरून ठेवण्यात मान आखडली. शेवटी साधा काळा ड्रेस घातला. “शाळेच्या गॅदरिंगला बरी सजायचीस,” इति आई.

भारतात राहून सुरुवात करायची तर आधी ऑर्केस्ट्रात मागच्या डेस्कवर बसा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, तिच्या तालमी-कार्यक्रमांना जाऊन सोलिस्ट कंडक्टरकडे नेमका कधी बघतो ते टिपा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात.

एन्कोअरसाठी, म्हणजे टाळ्या थांबल्या नाहीत तर जादा वाजवायला, बाखची एक छोटी रचना तयार ठेवा असं सगळे सांगतात. मीही ठेवली होती. दुसऱ्यांदा नमस्कार करून आत आले तोवर टाळ्या थांबल्या होत्या. बाख मग ग्रीनरूममधून आईला फोनवर वाजवून दाखवला.