कुप्यासाठी डीप-डायव्हर ओढताय? या चुका टाळा

लूर, म्हणजे खोटं आमिष, पाण्यात सोडला, रॉड होल्डरमध्ये रोवला आणि माणूस मोबाइल काढून बसला, की त्या रॉडला दिवसभरात काही लागेल याची आशा मी सोडून देतो. ट्रोलिंग म्हणजे बोट चालणार, लूर मागून येणार आणि मासा आपणहून लटकणार, असं मुंबईतल्या बऱ्याच नवख्यांनी धरून ठेवलंय. स्कर्टवाला लूर पृष्ठभागावर फेस काढत येतो, तो निदान डोळ्याला दिसतो. खोल जाणारा लूर, म्हणजे डीप-डायव्हर, आठ-दहा मीटर खाली असतो. तो नीट पोहतोय की नाही हे सांगणारी एकच गोष्ट बोटीवर आहे, ती म्हणजे रॉडचं टोक.

डीप-डायव्हरच्या तोंडाशी मोठी पारदर्शक लिप, म्हणजे ओठासारखी पट्टी, असते. बोट ओढते तशी लिप पाणी कापते, लूरला खाली दाबते आणि त्याचं अंग डावी-उजवीकडे हलवते. ती थरथर दोऱ्यातून वर येते आणि टोक एका लयीत धडधडत राहतं. लय चालू तर लूर जिवंत. लय मंदावली, तुटली किंवा टोक नुसतंच वाकून राहिलं, तर खाली काहीतरी बिघडलंय. कुप्यामागे, म्हणजे ट्यूनामागे, जाणाऱ्याला बाकी काही आलं नाही तरी चालेल, ही लय ओळखता आली पाहिजे.

मेलेला लूर ओढत राहणं

मागच्या मोसमात ससून डॉकवरून पहाटे निघालो तेव्हा बोटीवर एक तरुण पाहुणा होता. नवा कोरा रील, महागातला ब्रेड (विणलेला दोरा) आणि बारा मीटरपर्यंत जाणारा सगळ्यात मोठा लूर. पाण्याचा रंग गढूळ हिरव्यावरून स्वच्छ हिरव्यावर आला तेव्हा आम्ही लूर सोडले. थोड्या वेळाने त्याच्या रॉडचं टोक थिजलं. तांडेलमामा सुकाणूवरून ओरडले, "अरे पोरा, काठी मेली तुझी, वर घे!" पोराला वाटलं, टोक चांगलं वाकलंय म्हणजे लूर खोल गेलाय. तेवढ्यात पुढे कुरव आणि सुरय पक्षी घिरट्या घालताना दिसले, पाणी फुटलं, आणि बाजूच्या दोन्ही रॉडवर एकदम गेदर, म्हणजे छोट्या जातीचे कुपे, लागले. थवा गेल्यावर त्याने लूर वर घेतला, तर लिपला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळलेली. इतका वेळ तो पिशवी ओढत होता, आणि मोसमातला सगळ्यात चांगला थवा त्याच्या लूरशेजारून गेला.

मुंबईच्या पाण्यात हे रोज घडतं. पावसाळ्यात खाड्यांतून वाहून आलेलं प्लास्टिक कित्येक महिने समुद्रात फिरत राहतं. भरती-ओहोटीचे दोन प्रवाह भेटतात तिथे कचऱ्याची लांब रेघ तयार होते. नेमकी त्याच रेघेखाली बारीक मासळी जमते आणि तिच्यामागे कुपा येतो, म्हणून रेघ सोडून देणंही परवडत नाही. मी रेघेच्या स्वच्छ बाजूने, तिला समांतर बोट ठेवायला सांगतो. लय थोडीही बदलली की लूर वर. लय ठीक वाटली तरी पंधरा-वीस मिनिटांनी एकदा प्रत्येक लूर वर घेऊन बघायचाच. शंभर हात दोरा गुंडाळायला हात दुखतात, कंटाळा येतो, हे मान्य. पण इतका कंटाळा येत असेल तर धक्क्यावरून मासळी विकत आणावी, डिझेल तरी वाचेल.

याचंच दुसरं रूप म्हणजे तिरका पोहणारा लूर. लिपवरची तारेची कडी केसभर वाकली तरी लूर एका बाजूला पळतो, पृष्ठभागावर येऊन उलटतो आणि शेजारच्या दोऱ्यात गुंततो. पाकिटातून काढला की थेट मागे सोडायचा, ही घाई मला बघवत नाही. आधी बोटीच्या कडेला, चालू वेगात, दोन-तीन मीटर दोऱ्यावर लूर धरून बघा. सरळ खाली जातोय? मग सोडा. डावीकडे पळत असेल तर पक्कडीने कडी अगदी किंचित उजवीकडे वाकवा, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. पुन्हा पाण्यात धरा, पुन्हा बघा. काही नव्या लूरमध्ये कडीच सरकती असते आणि लूर स्वतःला सरळ करून घेतो. तरीही कडेला धरून बघण्याची सवय मी सोडलेली नाही.

जीपीएसवरचा वेग खरा मानणं

"सहा नॉटला ओढा" हे कुठेतरी वाचायचं, स्क्रीनवर सहाचा आकडा आणायचा आणि निश्चिंत व्हायचं. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो. लूरला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त पाणी कळतं. समजा पाण्याला दोन नॉटची ओढ आहे. ओढीबरोबर स्क्रीनवर सहाने चाललात, तर लूरला पाणी लागतंय चार नॉटचं. तो सुस्त पोहतो. वळून ओढीविरुद्ध तेच सहा धरलेत, तर लूरला लागतात आठ. काही लूर तेवढ्यात सुटतात, गरागरा फिरतात, वर येतात. आकडा तोच, लूर मात्र दोन वेगळ्या प्राण्यांसारखे.

एकदा सकाळभर सगळे फटके बोट उत्तरेकडे जातानाच बसत होते. दक्षिणेकडे वळलं की शांतता. बोटीवरच्या एकाने सिद्धांत मांडला, की कुपा सूर्य डाव्या-उजव्या डोळ्यावर घेऊन खातो. बाकीच्यांना तो पटलाही. दक्षिणेला जाताना आम्ही ओढीबरोबर होतो आणि टोकं जेमतेम हलत होती. तांडेलमामांनी स्क्रीनकडे न बघता थ्रॉटल पुढे सारला, टोकं पुन्हा धडधडू लागली आणि दक्षिणेकडेही मासा लागला.

म्हणून मी वेग टोकावरून ठरवतो. लय जोरकस आणि एकसारखी झाली, की इंजिनाचे फेरे बघून ठेवतो. जीपीएसचा आकडा नंतर पाहतो, आणि तोही ओढ किती आहे याचा अंदाज घ्यायला. वळल्यावर पुन्हा पहिल्यापासून. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हा फरक फार जाणवतो. भांगाला, अष्टमीच्या आगेमागे, ओढ कमी असते, तळाचा गाळ कमी उठतो आणि पाणी स्वच्छ राहतं. शनिवार-रविवार बघून बोट ठरवणाऱ्यांनी आधी तिथी बघितली तर बरं होईल.

मोसमाचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि ऑगस्ट लागला की नवख्यांचे फोन सुरू होतात. नारळी पौर्णिमेला नारळ पडला म्हणून पाणी निवळत नाही. गढूळ पाण्यात कुपा येत नाही, कारण तो डोळ्यांवर शिकार करतो. थांबा.

तळ आणि जाळी

मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून बरंच बाहेर गेलात तरी साउंडरवर, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्रावर, वीस-पंचवीस मीटरच दिसतात. कुलाब्याजवळच्या प्रॉन्ग्स दीपगृहाच्या किंवा खांदेरी बेटाच्या आसपास खडक आहेत, तिथे बारा मीटरचा लूर सोडणं म्हणजे तो खडकाला दान करणं. पाकिटावर लिहिलेली खोली ठरावीक जाडीच्या आणि लांबीच्या दोऱ्याची असते. दोरा बारीक असेल तर लूर त्याहून खाली जातो, जाड असेल तर वरच राहतो. दोरा भरमसाट सोडला म्हणून लूर आणखी खोल जात नाही. एका मर्यादेनंतर दोऱ्यालाच पाण्याचा रेटा लागतो आणि लूर वर उचलला जातो.

खडकापेक्षाही मला राग येतो तो जाळ्यांजवळ ट्रोलिंग करणाऱ्यांचा. वर्सोवा, मढसमोर कोळ्यांची डोलजाळी पाण्यात खुंटांना बांधलेली असतात, बाहेर गिलनेट पसरलेली असतात. ट्रेबल हुकवाला (तीन टोकांच्या गळाचा) लूर जाळ्यात गेला की जाळ्याची आसं, म्हणजे घरं, फाटतात आणि त्या घराचा दिवस बुडतो. बोया दिसला तर जाळं कुठल्या दिशेला पसरलंय ते तांडेलला विचारा आणि लांबून वळसा घाला. कळत नसेल तर लूर वर घ्या. लूर अडकलाच, तर दोरा कापा, जाळं कापू नका, आणि जाळ्याच्या मालकाला जाऊन सांगा. बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रापर्यंत जाण्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. तिथे कितीही मासा असला तरी आत जायचं नाही.

ड्रॅग

मोठी लिप पाण्याला इतकी अडते, की रील आपोआप दोरा सोडू लागतो. नवखा काय करतो, तो थांबेपर्यंत ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळत जातो आणि विसरतो. मग कुपा येऊन आदळतो, ब्रेड रबरासारखा ताणला जात नाही, आणि हुक सरळ होतो किंवा तोंड फाटतं. ड्रॅग धक्क्यावरच स्प्रिंगच्या काट्याने मोजून ठेवा, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या मध्ये. पन्नास पाउंडाला पंधराच्या आत. तेवढ्यावर लूर एकटाच दोरा ओढत असेल तर लूर लहान करा, ड्रॅग वाढवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

जाड वायर आणि त्यावर भलामोठा स्नॅप-स्विव्हल (लूर अडकवायची फिरती कडी) लावला की लूरचं नाक जड होतं. सुरमई दात मारते म्हणून एका रॉडला वीतभर बारीक वायर ठीक. बाकीच्यांना ऐंशी-शंभर पाउंडाचा फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोरा.

थव्याच्या मधून बोट घालू नका, थवा बुडतो आणि दुसऱ्या बोटींचीही सकाळ जाते. कडेने जा आणि वळताना लूर त्याच्या पुढून न्या.

सगळ्यात खोल लूर मध्ये आणि जवळ, उथळ लूर बाहेर आणि लांब. उलट केलंत तर पहिल्या वळणालाच गुंता.

फटका बसला की थ्रॉटल बंद करू नका. दोरा सैल पडतो, तरंगणारे लूर वर येतात, आणि मागून येणारे बाकीचे कुपे निघून जातात. थोडं चालू द्या, मग हळू करा.

हाताने हुक काढू नका. कुपा फळीवर आला तरी थरथरत असतो आणि दुसरं ट्रेबल तुमच्या हाताची वाट बघत असतं. लांब पक्कड वापरा, पायात बूट घाला.

बर्फ न नेणं

खरं तर हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं, कारण बाकीच्या चुकांत मासा जातो, या चुकीत माणसं आजारी पडतात. कुपा धावणारा मासा आहे, त्याचं अंग आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत आणखी तापतं. तो उन्हात फळीवर ठेवून फोटो काढत बसलात, तर मांसात हिस्टामिन तयार होऊ लागतं. ते शिजवून, तळून किंवा आंबटतिखटात मुरवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं, आणि लोक म्हणतात, कुपा उष्ण असतो. तो नीट थंड केलेला नसतो.

मासा वर आला की लगेच छातीच्या पराच्या मागे दोन बोटांवर, दोन्ही बाजूंना छोटी चीर द्यायची आणि रक्त जाऊ द्यायचं. मग बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या पेटीत पूर्ण बुडवायचा. नुसत्या बर्फाच्या लादीवर ठेवलेला मासा एकाच बाजूने गार होतो, पाण्यात बुडवलेला सगळीकडून. निघतानाच पेटी भरून बर्फ घेतो, आणि तो अर्ध्यावर आला की मासा लागत असला तरी आम्ही लूर वर घेऊन धक्क्याकडे वळतो.