तीन महिने लपवलेले दुखणे

गेल्या पावसाळ्यात माझ्या शिश्नाच्या पुढच्या कातडीवर लाली, बारीक चिरा आणि दह्यासारखा पांढरा थर दिसू लागला, तेव्हा खानापुरातील एका औषधाच्या दुकानातून मी खाजेचे मलम आणले. ते लावले की चार दिवस बरे वाटे आणि थांबवले की त्रास पुन्हा सुरू होई. त्यातील स्टेरॉइडमुळे खाज दबत होती, पण बुरशी वाढतच होती, हे मला फार उशिरा समजले.

पत्नीलाही खाज सुटली, तेव्हा मी बेळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर कन्नडभाषक होते आणि असल्या जागेचे दुखणे मोडक्या कन्नडमध्ये सांगणे मला उलट सोपे गेले. त्यांनी तपासून लगेच रक्तातील साखर पाहायला लावली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप, ९.४ टक्के निघाले, ६.५ पासून मधुमेह धरतात. लघवीतून जाणाऱ्या साखरेवर कँडिडा ही बुरशी पोसली जात होती. आम्हा दोघांनाही क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक मलम, मला मधुमेहाच्या गोळ्या आणि साबण न लावता धुऊन जागा कोरडी ठेवण्याची ताकीद मिळाली. तीन आठवड्यांत चिरा भरल्या.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, रक्तस्राव किंवा कातडी आवळणारा पांढरा चट्टा असेल, तर कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी कधी तुकडा काढूनही तपासावा लागतो, असे डॉक्टरांनी बजावले. मागे सरकलेली कातडी सुजून तिथेच अडकली, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.